गुरुजी मोबाइलमध्ये, गिटार मांडीवर

लवासा कुठं आहे ठाऊक आहे ना? मुळशी तालुक्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी. दासवे गावाजवळ डोंगरउतारावर हे नवं शहर उभं राहू लागलं, पण पुरं झालंच नाही. २०१८ मध्ये ते उभारणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता तिथल्या एखाद्या मुलाला गिटार शिकायची हुक्की आली तर? पुणं साठेक किलोमीटर, मधे टेमघरचा घाट, त्यात पावसाळ्यातलं धुकं! मग उरतो मोबाइल.

आणि मोबाइलवर गुरुजींना काय तोटा! जस्टिन सँडरको हा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा. त्यानं २००३ मध्ये इंटरनेटवर गिटारचे फुकट धडे सुरू केले, २००६ पासून यूट्यूबवरही. लाखो लोक त्याच्याकडून शिकले.

व्हिडिओची खरी करामत वेगात आहे बरं का! पूर्वी एखादी अवघड जागा उमगावी म्हणून वादक तेहतीसची तबकडी सोळाच्या वेगावर लावत. वेग निम्मा व्हायचा, पण सूरही सप्तकभर खाली घसरायचा. आता वेग निम्मा करा, सूर जागच्या जागी!

पण इथंच मेख आहे. हे गुरुजी बोलतात, ऐकत मात्र नाहीत. तुमची तार खरखरली, बोट वाकडं पडलं, त्यांना पत्ताच नाही. एकलव्यापुढंही मातीचा पुतळाच होता म्हणा. पण त्याचा नेम चुकला की बाण कुठं गेला ते दिसायचं. चुकीची सवय दिसत नाही, ती मुरते. म्हणून आपलं वाजवणं रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं. कान बरोबर चुगली करतात! आणि वाजवण्याआधी ट्यूनरवर तारा जुळवायला विसरू नका.

गिटारच्या दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना सतारीसारखं पडदेच म्हणू. पेटीवर सा पासून वरच्या सा पर्यंत बारा पायऱ्या असतात ना? गिटारवरही मोकळ्या तारेपासून बारा पडदे चढलात की नेमका वरचा सूर. तो बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो. फूटपट्टीनं मोजून बघा हवं तर!

पहिले काही आठवडे मात्र बोटांची टोकं चांगलीच दुखतात. पुष्कळ जण गिटार कोपऱ्यात ठेवतात ते इथंच. बोट पडद्याच्या अगदी मागं, त्याला लागून ठेवा. कमी जोर लागतो. तासभर झटापट करण्यापेक्षा रोज दहा-पंधरा मिनिटं बरी. हळूहळू कातडी टणक होते.

मुळशीच्या पावसाचं काय? लाकूड ओल पितं, फुगतं, तारा दांडीपासून वर उचलल्या जातात आणि दाबायला जड होतात. पोलादी तारा गंजतात त्या वेगळ्याच. तेव्हा वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा, गिटार पिशवीत घाला, आणि नव्या बुटांच्या खोक्यातून निघतात ना त्या ओल शोषणाऱ्या पुड्या, त्या दोन-तीन आत टाका.