खुल्या बाजारातही रुग्णाचे कार्ड हवेच

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही ओळखपत्र दाखवून परवानाधारक दुकानातून गांजा विकत घेता येतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी तसा कौल दिला आणि जुलै २०१४ मध्ये पहिली दुकाने उघडली. त्याआधी, १९९८ पासून, गांजा वापरण्याची मुभा फक्त आजारी माणसांना होती आणि तीही डॉक्टरांच्या शिफारशीवर. आता दुकान सगळ्यांना खुले असताना रुग्णाने डॉक्टरांकडे खेटे घालायचे, नाव नोंदवायचे आणि वेगळे कार्ड काढायचे कशासाठी, असा प्रश्न तिथे सर्रास विचारला जातो. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, इलिनॉय अशा राज्यांतही तोच प्रश्न आहे. बाजार खुला झाल्यावर या कार्डाची गरज वाढते, असे माझे मत आहे. खुल्या बाजाराचे नियम मौजेसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. तेच नियम जसेच्या तसे रुग्णाला लावले, तर त्याच्यावर अन्याय होतो. तो टाळण्याची सोय म्हणजे हे कार्ड.

आधी पैशांचे बघू. वॉशिंग्टनमध्ये गांजावर ३७ टक्के अबकारी कर आहे आणि त्याशिवाय नेहमीचा विक्रीकर. सिअ‍ॅटल शहरात हा विक्रीकर दहा टक्क्यांहून थोडा जास्त पडतो. म्हणजे शंभर डॉलरच्या मालाला साधे गिऱ्हाईक साधारण १४७ डॉलर मोजते. आरोग्य विभागाच्या निकषांवर उतरलेला माल कार्डधारक रुग्णाने घेतला, तर विक्रीकर माफ आहे आणि जून २०२४ पासून अबकारी करही माफ आहे. त्याला शंभराचा माल शंभरालाच मिळतो. ही सवलत म्हणजे कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे. एवढा जबर कर लावण्यामागे दारू-सिगारेटच्या करामागे असतो तसाच विचार आहे: महाग झाले की लोक जरा हात आखडता घेतील. पण केमोथेरपीनंतर उलट्यांनी बेजार झालेल्या माणसाने हात आखडता घ्यायचा म्हणजे काय करायचे? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेल्या औषधांवर याच राज्यात विक्रीकर नाही. आरोग्यविमा गांजाचा खर्च देत नाही, सगळा भार रुग्णाच्या खिशावर येतो. अशा माणसाकडून चैनीवरचा कर वसूल करणे कोणत्याही तर्कात बसत नाही.

कराचा हिशोब सगळीकडे इतका सोपा नाही, हेही सांगायला हवे. इलिनॉयमध्ये गांजा घातलेल्या गोळ्या-चॉकलेटांवर साध्या गिऱ्हाइकाला २० टक्के खास कर आणि वर राज्याचा सव्वासहा टक्के विक्रीकर द्यावा लागतो, तर नोंदणीकृत रुग्णाला राज्याचा कर औषधाच्या दराने, म्हणजे एक टक्का, पडतो. तिथे कार्डाचा फायदा उघड आहे. कॅलिफोर्नियात मात्र काउंटीच्या कार्डाने फक्त विक्रीकर वाचतो, अबकारी कर चुकत नाही. या कार्डाचे शुल्क वर्षाला जास्तीत जास्त शंभर डॉलर असू शकते आणि गरिबांसाठीच्या सरकारी विमायोजनेतील रुग्णांना ते निम्मे पडते. राज्याचा किमान विक्रीकर सव्वासात टक्के धरला, तर शंभर डॉलरचे शुल्क भरून निघायला वर्षाला सुमारे १,३८० डॉलरची खरेदी व्हावी लागते, आणि डॉक्टरांची फी वेगळीच. अधूनमधून झोपेसाठी एखादी गोळी घेणाऱ्याला ते परवडणार नाही. रोजच्या वेदनेवर रोज औषध घेणाऱ्याला परवडेल. म्हणून आपल्या राज्याचा कर आणि आपला खप यांचा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय कोणी कार्ड काढू नये.

पैशांपेक्षाही मोठा फरक वय, प्रमाण आणि प्रत या बाबतींत पडतो. खुल्या दुकानाचा दरवाजा एकविसाव्या वर्षी उघडतो, आजार मात्र वय बघून येत नाही. वॉशिंग्टनमध्ये अठरा वर्षांवरील रुग्ण स्वतः कार्ड काढू शकतो. त्याहून लहान मुलासाठी आई, वडील किंवा पालक यांची अधिकृत काळजीवाहक म्हणून नोंद होते. झटक्यांचा आजार असलेल्या मुलाच्या घरी याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. साधे गिऱ्हाईक एका वेळी एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम सुका गांजा घेऊ शकते, तर कार्डधारक तीन औंस. दुकान दूर असलेल्या आणि चालणे-फिरणे अवघड झालेल्या रुग्णाच्या खेपा त्यामुळे कमी होतात. मौजेखातर घरी झाड लावणे या राज्यात आजही गुन्हा आहे, कार्डधारक रुग्णाला मात्र सहा झाडे लावता येतात. खाण्याच्या पदार्थात एका वेळच्या मात्रेत १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, नसावा असा सर्वांसाठी नियम आहे. रुग्णांसाठीच्या काही तयार औषधांत ती मर्यादा ५० मिलिग्रॅमपर्यंत जाते. रुग्णांसाठी प्रमाणित केलेल्या मालाची जड धातूंसाठीही तपासणी होते. आधीच प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट करसवलतीहून महत्त्वाची आहे.

हे कार्ड मिळते कसे, हे जवळून पाहिले की त्यामागचा विचार कळतो. कर्करोग, एड्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, अपस्मार, इतर उपायांना न जुमानणारी वेदना, क्रोन्स डिसीज, आघातानंतरचा मानसिक विकार अशी आजारांची यादी कायद्यातच आहे. डॉक्टर किंवा तत्सम अधिकृत वैद्यकीय व्यावसायिक तपासणी करून ठरावीक नमुन्यात शिफारसपत्र देतो. ते घेऊन रुग्णाने वैद्यकीय विक्रीची खास परवानगी असलेल्या दुकानात जायचे. तिथला प्रशिक्षित सल्लागार राज्याच्या नोंदवहीत नाव घालतो, फोटो काढतो आणि कार्ड तयार करून हातात देतो. त्याचे शुल्क एक डॉलर. प्रौढाला ते फार तर वर्षभर चालते, मग पुन्हा डॉक्टर. ही दरवर्षीची कटकट वाटली, तरी कार्डाचा सगळ्यात दुर्लक्षित फायदा तिथेच आहे. सीबीडी हा गांजातला दुसरा घटक, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधाचा परिणाम वाढवू शकतो. हृदयविकार, गरोदरपण किंवा घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर धोका वेगळा असतो. दुकानाच्या काउंटरवरचा विक्रेता हे विचारत नाही, तो त्याचा धंदाही नाही. कार्डामुळे निदान वर्षातून एकदा तरी हा विषय डॉक्टरांसमोर निघतो.

यावर पहिला आक्षेप असा की गांजा औषध आहे हेच मुळात सिद्ध झालेले नाही. हा आक्षेप अर्धा खरा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. प्रौढांची जुनाट वेदना, केमोथेरपीनंतरची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रुग्णांना जाणवणारी स्नायूंची ताठरता, या तिन्हींसाठी त्यात भक्कम पुरावा आढळला. अनेक इतर आजारांबाबत पुरावा तोकडा होता. २०१८ मध्ये औषध प्रशासनाने अपस्माराच्या दोन दुर्मीळ आणि गंभीर प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीचे औषध मंजूर केले. म्हणजे गांजा रामबाण नाही, तसाच तो सरसकट थोतांडही नाही. यातून निष्कर्ष एवढाच निघतो की आजारांची यादी पुराव्याच्या आधारे आखडती ठेवावी. खऱ्या रुग्णाची वेगळी वाट बंद करावी, असा तो निघत नाही.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. कर चुकवायला कोणीही पाठदुखीचे निमित्त सांगेल, असे म्हणतात. असे लोक असणारच. पण खुला बाजार नव्हता तेव्हा खोटे रुग्ण होण्यावाचून अनेकांना गांजा मिळण्याचा दुसरा कायदेशीर मार्गच नव्हता. आता तो आहे. बाजार खुला झाल्यावर कोलोरॅडो आणि ओरेगॉनमध्ये नोंदणीकृत रुग्णांची संख्या बरीच घटली, ती बव्हंशी याचमुळे, असे मला वाटते. जे मागे राहिले, त्यांत खऱ्या गरजूंचे प्रमाण जास्त असणार. करमाफीचा मोह उरतो, त्याला उपाय प्रत्यक्ष तपासणी आणि बेजबाबदार शिफारसपत्रे वाटणाऱ्या डॉक्टरांवर कारवाई हा आहे.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि सिअ‍ॅटल-रेडमंड भागात सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी कुटुंबांनी तो नीट समजून घ्यावा. राज्याने दिलेले कार्ड केंद्र सरकारला बांधत नाही. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेने स्पष्ट केले की राज्याच्या कायद्यात बसणारा गांजाचा वापरही नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीआड येऊ शकतो. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीतही अमली पदार्थांच्या वापराची चौकशी होते. त्यामुळे जो अजून अमेरिकेचा नागरिक नाही, त्याने दुकानातून साधी खरेदी करण्याआधी किंवा कार्ड काढण्याआधी स्थलांतराच्या वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे. नोकरीतही हे कार्ड ढाल ठरत नाही. वैद्यकीय गांजाचा कायदा खासगी नोकरीला संरक्षण देत नाही, असे वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच ठरवले. २०२४ पासून भरतीच्या वेळच्या चाचणीबाबत थोडा दिलासा मिळाला, तोही सगळ्या नोकऱ्यांना नाही. मुलांकडे काही महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांना हे कार्ड मिळत नाही, कारण रुग्ण राज्याचा रहिवासी असावा लागतो. आणि तिथले कार्ड दाखवून इथे काही आणता येईल, असा समज तर कोणीही बाळगू नये. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा बाळगणे हा भारतात गुन्हा आहे आणि परदेशी कार्डाने तो माफ होत नाही.

या मर्यादा कार्डाच्या विरोधात जातात असे मला वाटत नाही. कार्ड कोणाच्या कामाचे आहे, हे त्या दाखवतात. आजार यादीतला आहे, औषध नियमित लागते आणि नागरिकत्वाचा प्रश्न मिटलेला आहे, अशा माणसाने ते जरूर काढावे. दुकान खुले आहे म्हणून डॉक्टर टाळू नये. राज्यकर्त्यांनीही खुल्या बाजारातून येणाऱ्या महसुलाच्या नादात रुग्णांची वाट बुजवू नये. वॉशिंग्टनमधील अबकारी करमाफीची मुदत ३० जून २०२९ ला संपते. तिथल्या विधिमंडळाने ती वाढवली नाही, तर त्या राज्यातला कर्करोगाचा रुग्ण पुन्हा चैनीचा कर भरू लागेल.