खाण तशी माती, पण किती?

खोंड घ्यायला बाजारात गेलेला जाणता शेतकरी जनावराच्या आधी त्याच्या आईबापाची चौकशी करतो. खाण तशी माती, हे त्याला ठाऊक असते. पण थोराड वळूचे वजन वासरात उतरते तरी किती? याचा काटेकोर हिशेब मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांनी मांडला आहे, आणि त्यातली काही गुरे मूळची आपलीच! आंध्रातील ओंगोल जातीची जनावरे एकोणिसाव्या शतकापासून १९६२ पर्यंत ब्राझीलला गेली. तिथे त्यांना नेलोर म्हणतात. त्या देशाच्या मांसधंद्याचा मुख्य भार याच जातीवर आहे.

हिशेब असा. समजा, एका कळपातील पूर्ण वाढलेल्या गाईंचे सरासरी वजन ४५० किलो आहे. त्यातून सरासरीपेक्षा ५० किलोने जड गाई निवडल्या. वळूही इतर वळूंपेक्षा ५० किलोने जड घेतले. त्यांच्या कालवडी त्याच कुरणात, तशाच चाऱ्यावर वाढून ४७० किलोच्या झाल्या. आईबापांच्या ५० किलोंच्या सरशीपैकी २० किलो पुढे उतरले, म्हणजे शंभरात चाळीस. हेच आनुवंशिकतेचे प्रमाण. मांसाच्या गुरांत प्रौढ वजनासाठी ते साधारण ४० ते ५० टक्के भरते. गाभण राहण्याच्या गुणाचे मात्र बहुधा १० टक्क्यांच्या आतच. बाकीचा फरक मुख्यतः चारा, पाणी, आजार आणि निगेचा. म्हणून जत्रेत सरकी-पेंड चारून तकतकीत केलेला वळू फसवतो. पेंड काही रक्तात उतरत नाही.

आईवरून अंदाज बांधण्यात एक गोम आहे. आई वासराला रक्ताबरोबर दूधही देते. मग वाढ रक्ताची की दुधाची? म्हणून एकाच वळूच्या, पण निरनिराळ्या गाईंच्या पोटच्या पुष्कळ कालवडी तोलून त्या दुसऱ्या वळूंच्या कालवडींशी ताडून पाहतात. तोलायच्या त्याही चार-पाच वर्षांच्या झाल्यावर. गाभणपण आणि अंगावरची चरबी हिशेबात धरावी लागते.

यात एक धोकाही आहे. लवकर वाढणारी वासरे निवडत गेले की पुढे गाईही जड होतात. जड गाय चारा जास्त खाते आणि टंचाईच्या वर्षी पोट भरले नाही तर माजावर येत नाही. आपल्याकडे गाय-बैल मांसासाठी पाळत नाहीत, पण खिलार किंवा डांगी वळू निवडताना हाच हिशेब लागू पडतो. कोरडवाहू गावात सर्वांत जड वळूचा हट्ट नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

काटा नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर इंचांत मोजून त्याला त्यानेच गुणा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने पुन्हा गुणा आणि ६६० ने भागा. घेर ६४ व लांबी ५२ इंच असेल तर वजन सुमारे ३२३ किलो येईल. तुलना करायची ती एका वयाच्या, एकाच दावणीच्या जनावरांची, आणि मापे सकाळी चारा-पाण्याआधी घ्यावीत.