चुरस वाढली, मतदान का वाढले नाही?



राज्यशास्त्र हा माझा विषय नव्हे. माझे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. परंतु ज्या शहरात ते गेले, त्या हैदराबादचे एक कोडे मला अनेक वर्षे अस्वस्थ करीत आले आहे.

पक्षांत चुरस असली की मतदान वाढते, असा सर्वमान्य समज आहे. निकाल ठरलेलाच असेल तर मतदार घरी बसतो. आपल्या मतावाचून अडेल असे वाटले की बाहेर पडतो. तर्क बिनतोड दिसतो. आपल्या महानगरपालिकेने मात्र त्याला दाद दिलेली नाही. 2016 साली 150 जागांपैकी तेलंगण राष्ट्र समितीने 99, मजलिसने 44 आणि भारतीय जनता पक्षाने अवघ्या 4 जिंकल्या. 2020 मध्ये हेच आकडे 56, 44 आणि 48 असे झाले. राष्ट्रीय नेते प्रचारास उतरले, सारा देश या निवडणुकीकडे पाहत होता. आणि मतदान? 2016 मध्ये 45.29 टक्के होते, ते 46.55 टक्के झाले. कोरोनाची भीती होती, हे खरे. पण त्याआधीचा आकडा तरी कोठे भूषणावह होता? 2023 च्या विधानसभा निवडणुकीतही राज्यात सुमारे 71 टक्के मतदान झाले असता हैदराबाद जिल्हा निम्म्यापर्यंतही पोचला नाही.

याच राज्यातील मुनुगोडे मतदारसंघात 2022 च्या पोटनिवडणुकीत 93 टक्के मतदान झाले. पैसे वाटल्याचे आरोप झाले, ते सोडून देऊ. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पोटापाण्यासाठी हैदराबादेत राहणारे कित्येकजण त्या दिवशी गावी गेले. म्हणजे शहरात उदासीन वाटणारा माणूस गावात उदासीन नसतो. गावात त्याला नावाने ओळखणारा, दुपारपर्यंत तो आला नाही तर निरोप धाडणारा कोणीतरी असतो.

गोव्याकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. तेथे विधानसभेच्या 40 जागांसाठी 2022 मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते. म्हणजे मतदारसंघामागे सुमारे 29 हजार. मतदान 79 टक्क्यांच्या घरात गेले. आपल्याकडे 2020 मध्ये महापालिकेच्या एकेका प्रभागातच सरासरी पन्नास हजार मतदार होते. गोव्याच्या आमदाराहून आपला नगरसेवक मतदारापासून दूर! चुरस वर्तमानपत्रांत असते. उंबरठ्यापर्यंत ती कोणीतरी आणावी लागते.

(आपल्या भाषेने मत देण्याला ‘दान’ म्हटले. दान दात्याच्या मर्जीवर असते. सुशिक्षितांनी हा अर्थ जरा जास्तच मनावर घेतलेला दिसतो.)

टक्केवारीत एक फसवणूकही आहे. अध्यापनकाळात मतदान केंद्रावर काम करताना मी याद्या पाहिल्या आहेत. दिवंगतांची नावे, घर सोडून गेलेले भाडेकरू, सासरी गेलेल्या मुली, सारे तेथे नांदत असतात. भाजकच फुगलेला असल्याने भागाकार प्रत्यक्षाहून लहान दिसतो. आपल्यांपैकीही पुष्कळ कुटुंबे सुलतान बाजार, काचीगुडा सोडून उपनगरांत गेली. नावे मात्र जुन्या वाड्यांच्या पत्त्यावरच राहिली.

याचा परिणाम साध्या अंकगणिताने कळतो. पन्नास हजारांच्या प्रभागात तेवीस हजारांनी मत दिले आणि लढत तिरंगी झाली, तर नऊ हजार मते मिळविणारा निवडून येतो. उरलेल्या एक्केचाळीस हजारांचे पाणी, रस्ता आणि शाळा तोच ठरवितो. आपल्यासारख्या विखुरलेल्या, थोड्या संख्येच्या समाजाची दखल तो कोणत्या हिशेबाने घेणार? यादीत आपण जेथे आहोत तेथे राहत नाही, आणि राहतो तेथे यादीत नाही.

पत्ता बदलण्यासाठी नमुना क्रमांक 8 आणि दिवंगताचे नाव वगळण्यासाठी क्रमांक 7 भरावा लागतो. बहुतेकांना याची आठवण मतदानाच्या आदल्या आठवड्यात होते. तोवर यादी बंद झालेली असते.