अपंग व्यक्तींचा दिवस : कालविनियोगाच्या अभ्यासातील एक प्रश्न

मनुष्याचे चोवीस तास कोणकोणत्या कामी खर्ची पडतात याची पद्धतशीर नोंद करून त्यावरून समाजजीवनाविषयी अनुमान बांधणे, हा सामाजिक संशोधनाचा एक मान्य मार्ग होय. १९६५-६६ च्या सुमारास बारा देशांत या प्रकारची तौलनिक पाहणी झाली. भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांपुरती प्रायोगिक पाहणी झाली. पहिले देशव्यापी कालविनियोग सर्वेक्षण २०१९ साली व दुसरे २०२४ साली पार पडले. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनावेतन कामास दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे, ही गोष्ट २०१९ च्या सर्वेक्षणाने आकड्यांनिशी पुढे आणली. जे काम कोणी काम मानीत नव्हते ते मिनिटांच्या हिशेबाने दृष्टीस पडले, हे या पद्धतीचे मोठे यश आहे.

तथापि हीच पद्धती अपंग व्यक्तीच्या दिवसाला लावू गेल्यास काही अडचणी उद्भवतात. त्या समजण्यासाठी नोंदीची रीत ध्यानात घेतली पाहिजे. २०१९ च्या सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चार हा काल अर्ध्या अर्ध्या तासाच्या खंडांत विभागला होता. एका खंडात अनेक कामे झाली असल्यास दहा मिनिटे वा अधिक काल चाललेल्या कामांचीच नोंद करावयाची होती.

आता मज्जारज्जूस इजा झाल्यामुळे स्वतः कूस पालटू न शकणाऱ्या एखाद्या व्यक्तीचे उदाहरण घ्यावे. अंगावर दाबामुळे व्रण पडू नयेत म्हणून तिला साधारणतः दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. रात्री दहाला निजून सकाळी सहाला उठणाऱ्या घरात बारा, दोन व चार वाजता, म्हणजे तीन वेळा, कोणास तरी उठणे प्राप्त आहे. दर वेळी पाच मिनिटे धरली तरी एकूण काम पंधरा मिनिटांचेच. आणि एकही प्रसंग दहा मिनिटांचा नसल्याने नोंदीत ते शून्य. परिचर्या करणाऱ्या पत्नीच्या वा मातेच्या नावावर आठ तासांची झोप लिहिली जाईल. प्रत्यक्षात ती सलग दोन तासही निजलेली नसते.

दिवसाचीही गत अशीच आहे. अशा व्यक्तीस नळीच्या साहाय्याने दर चार ते सहा तासांनी मूत्रविसर्जन करावे लागते; शौचविधीस अर्धा ते एक तास लागू शकतो. हा सर्व काल ‘स्वतःची निगा’ या सदरात जातो. त्याच सदरात इतरांचे सावकाश स्नान व निवांत भोजनही मोडते. तेव्हा या सदरातील मोठा आकडा सुखवस्तूपणाचा द्योतक की परिश्रमाचा, हे नुसत्या आकड्यावरून उमगत नाही.

सर्वांत दुर्लक्षित काल प्रतीक्षेचा होय. खुर्चीत बसविणारा माणूस कामावरून परतेपर्यंत बिछान्यावर पडून राहणे, ही विश्रांती नव्हे. परंतु विचारणाऱ्याने ‘काय करीत होता?’ एवढेच विचारले, तर ‘पडून होतो’ हे उत्तर येते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या वर्गीकरणात कामांचे नऊ मुख्य विभाग आहेत. त्यांत स्वस्थ बसणे व विसावा घेणे यांची गणना संस्कृती व फावल्या वेळेच्या विभागात होते. परिणामी, ज्याच्या हाती आपला वेळ सर्वांत कमी आहे, तोच कागदावर सर्वांत अधिक मोकळा दिसतो. त्यातच उत्तर त्या व्यक्तीऐवजी घरातील दुसऱ्या कोणी दिले, तर हा दोष अधिकच बळावतो.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात अधिक साहाय्याची गरज असणाऱ्यांसाठी परिचारक-भत्त्याची तरतूद आहे. असा भत्ता कोणास व किती द्यावा हे ठरविताना परिचर्येचे तास मोजावे लागणारच. आणि जे मोजले गेले नाही ते दिलेही जाणार नाही.

यावर उपाय दुःसाध्य नाही. उपर्युक्त वर्गीकरणात दुसऱ्याकडून परिचर्या स्वीकारण्यास स्वतंत्र स्थान आहेच; त्याचा कसोशीने उपयोग व्हावा. दैनंदिनीत आणखी तीन रकाने असावेत : हे काम कोणाच्या मदतीने झाले, त्यासाठी किती वेळ वाट पाहावी लागली, आणि ही वेळ कोणी ठरविली. रात्री किती वेळा उठावे लागले, हा प्रश्न परिचर्या करणाऱ्यास वेगळा विचारावा. अपंग व्यक्तीचे उत्तर शक्य तेथवर तिच्याच तोंडून घ्यावे. बोलणे अवघड असल्यास खुणांच्या भाषेने वा चित्रांच्या साहाय्याने घ्यावे. चाकांची खुर्ची किंवा दाराशी बांधलेला उतार मिळाल्यानंतर हीच नोंद पुन्हा केल्यास, त्या साधनाने कोणाचे किती तास मोकळे केले हेही सांगता येईल.