पाणी नेमके केव्हा गळते?

वॉशिंग मशीनखाली पाणी दिसले की आधी फरशी पुसली जाते आणि मग मेकॅनिकला फोन जातो. पाणी नेमके कोणत्या वेळी आले, हे पाहायचे राहूनच जाते. गळकी जागा पत्र्याआड असते आणि पाणी तळावरून वाहत भलत्याच कोपऱ्यातून बाहेर पडते. त्यामुळे ओल कुठे दिसते यावरून फारसे कळत नाही. वेळ मात्र बरेच काही सांगते.

तपासणी साधी आहे. मशीन थोडे पुढे ओढून फरशी कोरडी करावी, खाली आणि मागे जुनी वर्तमानपत्रे पसरावीत आणि मशीनमध्ये कपडे न टाकता एक पूर्ण फेरी चालवावी. कागदावर पहिला थेंबसुद्धा दिसतो. मात्र मशीनला किंवा भिजलेल्या फरशीला हात लावण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे. बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग नीट नसेल तर आधी ते करून घ्यावे, गळती नंतर.

मशीन बंद असतानाच कागद भिजला तर दोष नळाकडच्या बाजूला असतो. गच्चीवरच्या टाकीची उंची दर १० मीटरला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा दाब देते. नळ उघडा राहिला तर इनलेट पाइप तो दाब रात्रंदिवस सोसतो. याउलट फ्रंट लोडच्या टबात पाणी असते जेमतेम वीतभर, म्हणजे दाब त्याच्या पन्नासाव्या भागाएवढा. पाइपच्या नटामध्ये एक रबरी वॉशर बसवलेला असतो आणि पाणी अडवतो तो वॉशरच, आटे नव्हेत. म्हणून मशीनकडच्या सांध्याला टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग होत नाही. पान्याने जोर लावला तर व्हॉल्व्हचे प्लॅस्टिक तडकते. नवा वॉशर घालून नट हाताने घट्ट केला की बहुधा काम होते.

हा वॉशर खराब का होतो? कच्च्या रबरातले लांबलचक रेणू एकमेकांवरून घसरतात. १८३९मध्ये चार्ल्स गुडइयर यांना अमेरिकेत असे आढळले की गंधकासोबत तापवलेले रबर ताणले तरी पूर्ववत होते. गंधकाचे अणू रेणूंच्या साखळ्यांना जागोजागी जोडून टाकतात. दाबलेले रबर सतत परत फुलू पाहते आणि त्याच जोरावर फट बंद राहते. वर्षानुवर्षे उष्णता आणि ऑक्सिजन सोसून काही जोड तुटतात, काही नवे भलतीकडे बनतात. वॉशर मग दबलेल्या आकारातच राहतो, कडक होतो आणि पाण्याला वाट मिळते. दरवाजाचे गॅस्केट बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असते. ते ओझोनला चांगले तोंड देते. पण घडीत अडकलेले केस, नाणे किंवा हुक यांच्यापुढे त्याचे काही चालत नाही. पाणी भरल्यावर दरवाजाखालून थेंब येऊ लागले तर गॅस्केटची खालची घडी उलटून पाहावी. बोअरच्या पाण्याचे क्षार तिथे खडबडीत थर धरतात. सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने तो विरघळतो. त्यात ब्लीच मात्र कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

पावडरच्या कप्प्यातून फेस ओघळत असेल तर मशीनमध्ये बिघाड असेलच असे नाही. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि पाणी बारीक फटींतही शिरते. हाताने धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की फिरणारा ड्रम तिला रवीसारखा घुसळतो. मशीनच्या पावडरमध्ये फेस मोडणारे सिलिकोन घातलेले असते, ते याचसाठी.

पाणी बाहेर टाकतानाच ओल दिसली तर आधी मोरीची जाळी पाहावी, ती तुंबली असेल. मग ड्रेन पाइपची क्लिप आणि फिल्टरचे झाकण. अनेक मशीनच्या ड्रेन पंपाची रचना मला फार सुंदर वाटते. फिरणारे चुंबक प्लॅस्टिकच्या बंद कोठीत असते आणि वेटोळे बाहेर. चुंबकीय क्षेत्र भिंतीतून आत पोहोचते, त्यामुळे मोटरचा दांडा बाहेर काढायला भोकच लागत नाही.

ड्रमला मात्र ही सोय नाही. त्याचा दांडा टबाच्या मागच्या भिंतीतून आरपार जातो आणि तिथे एक रबरी सील पाणी अडवते. मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरताना सुमारे ४८ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रममध्ये कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या ३८० पट जोर पडतो. कपडे एका बाजूला गोळा झाले तर त्या असमतोलाचे धक्के बेअरिंगला बसतात. सीलची कड झिजली की पाणी बेअरिंगमध्ये जाते, ग्रीस धुऊन निघते, गंज चढतो. पिळताना घरघर आणि मागे तपकिरी ओघळ एकत्र दिसले की निदान जवळपास पक्के समजावे. हे काम घरी करू नये. टब उघडून सील आणि बेअरिंग दोन्ही बदलावी लागतात.

काही मशीनचे टब दोन भाग वितळवून कायमचे जोडलेले असतात, तिथे छोट्याशा सीलपायी अख्खा टब बदलावा लागतो. युरोपीय संघात २०२१पासून उत्पादकांना दरवाजाचे सील ग्राहकालाही १० वर्षे उपलब्ध ठेवावे लागते. नवे मशीन घेताना टब स्क्रूने जोडलेला आहे का, हे दुकानात आवर्जून विचारावे.