टीव्ही गेम (जुन्या पिढीतील खेळसंच)

टीव्ही गेम हा घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा स्वस्त खेळसंच होय. त्यास बोलीत नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणतात. यांतील बहुतेक संच निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या ‘फॅमिकॉम’ या आठ-बिट यंत्राच्या विनापरवाना प्रतिकृती असतात.

अल्प उत्पन्नाची कुटुंबे कालबाह्य यंत्र का घेतात, याचे उत्तर अज्ञानात नसून हिशेबात आहे. २०२१ मध्ये भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ ची किंमत ४९,९९० रुपये होती. त्यावरील एकेका नव्या खेळाला ४,९९९ रुपयांपर्यंत पडत. प्रतिकृतीत मूळ यंत्राचे जवळजवळ सर्व मंडल एकाच चिपमध्ये सामावते, त्यामुळे ती काही शे रुपयांत मिळते. खेळ आतच भरलेले असतात किंवा ‘कॅसेट’वर येतात (वास्तविक या कॅसेटमध्ये फीत नसते). इंटरनेट लागत नाही. घरात मोबाइल एकच असेल, तर तो वडिलांबरोबर कामावर जातो. टीव्ही मात्र घरीच राहतो, आणि दोन रिमोट असल्याने भावंडांना एकत्र खेळता येते.

वेष्टनावर हजारो खेळांचा दावा असला, तरी तेच मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक खेळांत प्रगती साठवण्याची सोय नसते, म्हणून वीज गेली की ‘कॉन्ट्रा’ पहिल्यापासून! सोबतची बंदूक पडद्यावरील प्रकाश टिपते, पण ती काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीवरच चालते. सपाट पडद्याचा टीव्ही घरात आला की ‘डक हंट’ बंद पडतो.