डाव, तोड आणि निवड

ऑनलाइन भूमिकाखेळांत खेळाडूच्या योद्ध्याकडे अनेक युद्धविद्या असतात. पण दुसऱ्या खेळाडूशी समोरासमोर लढताना त्यांतल्या मोजक्याच सोबत नेता येतात. कोणत्या न्याव्यात? मोबाईलवर खेळणारा उमरीचा मुलगा असो की पुण्याचा, नवखेपणी तो सर्वांत मोठा घाव घालणारी विद्या उचलतो आणि बहुधा हरतो. संगणकाने चालवलेला राक्षस ठरलेल्या चाली खेळतो, माणूस तसे करत नाही. मोठ्या घावाच्या तयारीला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस बाजूला होतो. शिवाय एकदा वापरलेली विद्या पुन्हा हाती येईपर्यंत थांबावे लागते. खेळाडू त्याला ‘कूलडाउन’ म्हणतात.

नांदेड-लातूरकडच्या मातीला हा प्रश्न नवा नाही. इथे विद्येला ‘डाव’ म्हणतात आणि तिच्या उत्तराला ‘तोड’. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात मल्लविनोदाला स्वतंत्र जागा आहे. ते कल्याणी म्हणजे लातूरच्या शेजारच्या बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही कुस्त्यांचा फड भरतो.

डावाची निवड कशी होते, हे दोन डावांच्या तुलनेतून स्पष्ट होईल. धोबीपछाडीत प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावर ओढून, त्याच्याकडे पाठ फिरवून त्याला पुढे आपटायचे असते. साधला तर कुस्ती तिथेच संपते. पण समोरच्याने वेळीच अंग मागे टाकून कंबर धरली, तर आपली पाठ आयतीच त्याच्या ताब्यात जाते. एकेरी पटात खाली झेपावून एक पाय धरायचा असतो. त्याची तोड म्हणजे पाय मागे फेकून मानेवर भार देणे. तरीही पट फसला तर मल्ल समोरासमोर राहतो आणि बहुतेकदा सावरतो. म्हणजे डावाची किंमत दोनदा मोजावी लागते: साधला तर काय मिळते आणि फसला तर काय जाते. नवखा पहिलीच बाजू पाहतो.

ही किंमत नियम ठरवतात. जत्रेच्या फडात परंपरेने चीतपट झाल्याशिवाय निकाल नाही. नुसते खाली आणून पाठीवर स्वार होण्याला तिथे मोल नाही. गादीवरच्या फ्रीस्टाईल कुस्तीत मात्र तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, तसा ताबा मिळवला की दोन गुण मिळतात आणि दहा गुणांची आघाडी झाली की लढत संपते. त्यामुळे मातीत केवळ सुरुवात ठरणारा पट गादीवर कमाईचे साधन होतो.

नियम बदलले की निवडही बदलते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला ऑलिंपिकच्या मुख्य खेळांतून वगळण्याची शिफारस केली. त्यानंतर कुस्तीचे नियम बदलले. फेऱ्या वेगवेगळ्या जिंकण्याऐवजी सर्व गुण एकत्र मोजले जाऊ लागले. खाली आणून ताबा घेण्याला एकाऐवजी दोन गुण मिळू लागले. सप्टेंबरमध्ये कुस्ती ऑलिंपिकमध्ये परतली. ऑनलाइन खेळाचे निर्माते अधूनमधून विद्यांचे आकडे बदलतात आणि कालची अजिंक्य विद्या आज निरुपयोगी ठरते, तोच हा प्रकार. फरक एवढाच की खेळाडू नवी विद्या क्षणात निवडतो. मल्लाला नवा डाव अंगात मुरवायला वर्षे लागतात. एका डावाचा सराव म्हणजे दुसऱ्या डावाचा त्याग. मल्लाची निवड म्हणूनच अधिक महाग असते.

उरतो सर्वांत अवघड प्रश्न: समोरच्याला आपले डाव ठाऊक असतील तर? जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत लातूरचा शैलेश शेळके आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर समोरासमोर आले. दोघेही काका पवारांच्या एकाच तालमीतले. सदगीर ३-२ असा जिंकला. एकमेकांचे डाव आणि त्यांच्या तोडी दोघांनाही पाठ असल्या, की कोणता डाव जबर याला फारसा अर्थ उरत नाही. तो केव्हा येणार हे समोरच्याला न कळणे, एवढेच हाती राहते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान याने १९२८ मध्ये हेच सिद्ध केले होते. एकाची जीत ती दुसऱ्याची हार, अशा दोघांच्या खेळात ठरावीक चाल ओळखली जाते. म्हणून चालींचे योग्य प्रमाणात मिश्रण करावे आणि पुढची चाल कोणती हे कुणालाच कळू देऊ नये, असे त्याचे गणित सांगते.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात आपण वस्तादाची सावधगिरी पाहतो, क्वचित कंजूषीही. पण न दाखवलेल्या डावाची तोड कुणी घोटून ठेवलेली नसते. राखलेला डाव इतर डावांइतका जबर नसला तरी चालतो, समोरच्याने तो पाहिलेला नसला म्हणजे झाले.